किनाऱ्यावरून कॅम्पर ट्रेलर घेऊन परत निघताना काय काय तपासायचं

कोकणात येताना सगळे ट्रेलर नीट चेक करून येतात, पण परत जाताना सुट्टी संपलेली असते, घाई असते, मग जोडला ट्रेलर की निघाले. खरं तर उलट पाहिजे. भाट्याला किंवा गणपतीपुळ्याला दोन-चार दिवस किनाऱ्याजवळ उभा राहिलेला ट्रेलर खारा वारा आणि वाळू खाऊन बसलेला असतो, वरून काही दिसत नाही आणि पुढे लगेच कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट चढायचा असतो. म्हणून निघायच्या दिवशी एक तास यासाठी ठेवाच.

आधी सामान बघा. येताना नसलेल्या आंब्याच्या पेट्या जाताना असतात आणि जागा दिसते म्हणून त्या हमखास मागच्या बाजूला रचल्या जातात, त्याने पुढचा भार हलका होतो आणि स्पीड घेतला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. जड वस्तू एक्सलवर किंवा जरा पुढे, खाली फ्लोअरवर ठेवा आणि बांधा. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर यावा असं धरतात, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा कमी दिली असेल तर तीच पाळायची.

मग टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना चेक करा. ट्रेलर चालतो कमी आणि उभा जास्त, त्यामुळे नक्षी छान दिसते पण साइडवॉलला बारीक तडे गेलेले असतात. तिथेच चार आकडी डेट कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चाकांचे नट पान्याने आवळून घ्या, स्टेपनीची हवाही बघा.

आता जोडणी, इथे अजिबात घाई नको. चाकाखालचे चिरे अजून काढायचे नाहीत, ट्रेलर जोडून झाल्यावरच काढायचे. बॉल आणि कपलर (बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी) यांच्यामधलं जुनं ग्रीस वाळूसकट पुसून टाका. बॉलवर ५० मिमी आणि कपलरवर २ इंच लिहिलेलं असेल तर दिसायला सारखंच वाटतं पण माप वेगळं आहे, असली जोडी वापरू नका. लॅच बसला, पिन घातली की ट्रेलरचा पुढचा भाग जॅकने थोडा उचलून बघा, गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तरच कपलर खरा बसलाय. सेफ्टी चेन कपलरखालून क्रॉस करून लावा, वळणाला पुरेल एवढी ढिली पण रस्त्याला न घासणारी. ब्रेकअवे केबल गाडीच्या पक्क्या पॉइंटला लावायची, बॉलला नुसती अडकवायची नाही. चढावर कपलर निसटला आणि चेननेही धरलं नाही तर ट्रेलर सरळ मागच्या गाडीवर जातो, तेव्हा त्याचा ब्रेक ओढणारी ही एकच वायर असते, तिला गंज दिसला तर बदलूनच निघा.

खाऱ्या हवेत लाइटच्या प्लगच्या पिनांवर हिरवट थर येतो. तो साफ करा आणि कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर, टेल लाइट एकेक करून बघा. ट्रेलरचा हँडब्रेक लावूनच ठेवला असेल तर तो सोडल्यावर गाडी थोडी पुढे घ्या, चाकं मोकळी फिरतायत ना बघा, कारण ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

बाकी पटापट: गॅस सिलिंडरवरच बंद, खिडक्या आणि छताचा व्हेंट लॉक, पायरी आत, सपोर्टचे पाय आणि जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं छोटं चाक) पूर्ण वर. कागदपत्रं ट्रेलरचीही गाडीत हवीत. जेवायला थांबलात तर दाराला कुलूप आणि कपलरला हिच लॉक, कोणी बाहेर बसलेलं असलं तरी.

हातखंब्याला पहिल्यांदा थांबा आणि हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघा, एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलं असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक, दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटचा स्टॉप साखरप्याला, तिथे नट, पिन, चेन, केबल परत एकदा बघा आणि चिरे किंवा लाकडी ठोकळे हाताशी येतील असे ठेवा, कारण पुढे घाटात ट्रेलरसकट बाजूला घ्यायला जागा पटकन सापडत नाही.