डोळा सरकत नाही, उड्या मारतो : गावात बसून कसं पाहायचं

विज्ञान प्रदर्शन आलं की पोट्टे तोच ज्वालामुखी अन् तेच पाण्याचं फिल्टर घेऊन येतात, म्हणून यंदा डोळ्याचा विषय घ्या असं मी सगळ्यांना सांगून राहिलो. जुना पेपर, पुठ्ठा, छोटा आरसा अन् अंगणातला उजेड, एवढंच लागते.

पेपरचं पान पुठ्ठ्यावर चिकटवा अन् मधोमध रिफिलनं आरपार भोक पाडा, ज्वारीच्या दाण्याएवढं, जास्त मोठं नको. पोट्ट्याला ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवा, पुठ्ठा त्याच्यासमोर वाचायच्या अंतरावर धरा, तुम्ही मागून भोकाला डोळा लावा अन् त्याला म्हणा, भोकाच्या जवळच्या चार ओळी मनात वाच. आता त्याच्या बुबुळाकडे पाहा. ते ओळीवरून बंडीसारखं सरळ चालत जात नाही, टक थांबलं, टक थांबलं, अन् ओळ संपली की एकाच उडीत डावीकडे परत. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते अन् वाचायचं काम त्या थांबण्यात होते, उडी तर सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात आटोपते. या उडीला सॅकेड म्हणतात, फ्रेंच शब्द आहे, घोड्याचा लगाम ओढल्यावर बसतो तो झटका, आपण बैलाचा कासरा ओढतो तसाच.

एक गोष्ट मास्तर लोकांसाठी मुद्दाम सांगतो. अडखळत वाचणाऱ्या पोट्ट्याचा डोळा जास्त ठिकाणी थांबते अन् वारंवार मागे जाते, त्यावरून त्याला रागावू नका. चांगल्या वाचणाऱ्याच्याही 10 उड्यांतली एखादी मागेच असते. पण पोरगं पुस्तक नाकाशी धरत असेल तर डोळे तपासून आणा, उद्यावर टाकू नका.

आता आरसा घ्या. आधी स्वतःचा डावा डोळा पाहा, मग उजवा, मग परत डावा. डोळे हलताना दिसले? नाहीच दिसणार, अन् बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मात्र साफ दिसतात. ही आरशाची गोष्ट एर्डमान अन् डॉज या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1898 मध्ये लिहून ठेवली. उडी चालू असताना मेंदू ते पुसट चित्र दाबून टाकतो, नाहीतर सेकंदाला तीनदा जग हललेलं दिसलं असतं. जागेपणाचे 16 तास धरून पोट्ट्यांना गुणाकार करायला लावा, पावणेदोन लाखांच्या जवळ आकडा येते, वर्गात एकदम गलका होते.

एवढ्या उड्या काऊन मारा लागतात? हात लांब करा अन् अंगठ्याचं नख पाहा. साधारण तेवढ्याच जागेत आपल्याला एकदम बारीक दिसते, बाकी सगळं धूसर असते. म्हणून डोळा ती बारकाईची जागा इकडून तिकडे नेत राहतो.

वावरात गेले की हे करा : धुऱ्यावरून नजर एकसारखी, न थांबता सरकवायला सांगा अन् दुसऱ्यानं त्याचे डोळे पाहावे. कितीही जोर लावला तरी टक-टकच जातील. मग दुरून चाललेला बैल पाहायला सांगा, आता तोच डोळा लोण्यासारखा सरकतो. सरकायला त्याला हलणारी वस्तू लागते, नुसत्या मनानं होत नाही.

थोडं मोठ्या पोरांसाठी लग्नातला एखादा ग्रुप फोटो घ्या. एकाला विचारा यांची वयं किती असतील, दुसऱ्याला विचारा घर खात्यापित्याचं वाटते का. पहिल्याची नजर चेहऱ्यांवर जाईल, दुसऱ्याची कपडे-दागिन्यांवर. रशियाचे शास्त्रज्ञ यार्बस यांनी डोळ्यावर शोषून बसणारी बारकी टोपी लावून हेच मोजलं होतं, चित्रकार इल्या रेपिन यांनी काढलेलं चित्र दाखवून, अन् 1967 मध्ये त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. टोपीबिपी आपण लावायची नाही, समोर बसून नुसतं पाहायचं. टॉर्च डोळ्यात मारायचा नाही, लेझर तर अजिबातच नाही.

शेवटचा प्रयोग रात्रीचा, अन् मला सगळ्यात आवडतो तो हाच. अमावस्येच्या आसपास वावरात जा, मोबाईल बंद करून अर्धा तास बसा, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतेच. मग एकदम मंद असा तारा शोधा. सरळ पाहाल तर तो विझल्यासारखा होते, नजर जराशी बाजूला घेतली की परत दिसते. कारण ती नखाएवढी बारकाईची जागा उजेडाची आहे, अंधारात पाहणाऱ्या पेशी तिच्या मधोमध नसतातच, त्या आजूबाजूला असतात. आमच्या आबाजींनी यातलं काही वाचलं नव्हतं, पण जागलीवर मला शेजारी बसवून सांगत, "डुक्कर वळखाचं असन तं त्याच्यावर डोळा रोखू नोको, बाजूनं पाह्य."