अमेरिकेतलं कॉलेज ओळखायचं कसं? पाटी वाचून तर नाहीच

भाचरांच्या अर्जांत नाक खुपसून मला बारा वर्षं झाली. दरवर्षी प्रश्न तोच: "मामा, कॉलेज मोठं की युनिव्हर्सिटी?" हा प्रश्नच सोडा. तिथलं कॉलेज सहसा आपल्यासारखं विद्यापीठाला संलग्न नसतं, पदवी स्वतःची स्वतः देतं. डार्टमथ कॉलेज तर पीएचडीही देतं.

आधी वर्षं मोजा. कम्युनिटी कॉलेज दोन वर्षांचं. तिथून चार वर्षांच्या ठिकाणी ट्रान्स्फर घेता येते. झालं.

आता मालक शोधा. मी आपटलो ते इथेच. नावात राज्याचं नाव दिसलं म्हणून सरकारी समजू नका. पेन स्टेट, म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी, सरकारी, पण युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया खासगी. मायामी युनिव्हर्सिटी सरकारी आणि चक्क ओहायोत. युनिव्हर्सिटी ऑफ मायामी खासगी, फ्लोरिडात. भाचीच्या निबंधात मी मोठ्या हौसेने वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलचा पाऊस घातला होता. अर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा, ती मिझुरीतल्या सेंट लुइसला! आदल्या रात्री तिनेच नकाशा उघडला म्हणून अब्रू वाचली. तेव्हापासून यादीत आधी शहर, मग नाव.

दुसरा खड्डा फीचा. 'सरकारी म्हणजे स्वस्त' हे आपलं गणित. तिथे सवलत त्या राज्याच्या रहिवाशांना. आपली मुलं सहसा बाहेरच्यांच्या दराने भरतात, तो दुप्पट-तिप्पटही असतो. उलट बारावीनंतर जाणाऱ्याला हार्वर्ड, एमआयटी किंवा अ‍ॅमहर्स्टसारखं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज (कला-विज्ञान दोन्ही शिकवणारं, मुख्यतः पदवीपुरतं) घरची ऐपत बघून मदत देतं, परदेशी असला तरी. प्रवेश मिळणं महाकठीण, ते वेगळं. पण छापील फी बघून नाव खोडू नका.

एजंटाचं चकचकीत ब्रोशर बाजूला ठेवा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या 'कॉलेज नेव्हिगेटर' या फुकट संकेतस्थळावर नाव टाका. पत्त्याखालीच प्रकार दिसतो: किती वर्षांचं, सरकारी, खासगी ना-नफा की नफ्यासाठी चालवलेलं. शेवटचा प्रकार दिसला की मी तरी पान बंद करतो. मान्यता कुणाची, तेही तिथेच सापडतं.

तेवढ्यावरही विसंबू नका. मिशिगनमधलं 'फार्मिंग्टन विद्यापीठ' परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्यांच्या सरकारी यादीत होतं. 2019 मध्ये कळलं, तो अमेरिकी सरकारनेच लावलेला सापळा होता. अडकलेल्यांत बहुतेक भारतीय. तिथे वर्ग भरत नव्हते, शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून पैसे भरण्याआधी पहिल्या सत्राचं वेळापत्रक मागवा, प्राध्यापकांच्या नावांसकट.