जुन्या पिकअपचं ब्रेक पेडल स्पंजासारखं लागतंय? मागची चाकं जमिनीवर ठेवून हवा काढा

लक्षण: पहिल्या दाबात पेडल खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की कडक होतं. गळती कुठेच नाही. चोर्ला घाट उतरायला अशी गाडी नकोच.

मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल ढकलणारा भाग) किट बदलला, जॅकवर उचलून हवा काढली. फरक शून्य, डोकं फिरायची वेळ.

अडचण मागच्या अ‍ॅक्सलजवळच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची (वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा). चेसिस उचलली की अ‍ॅक्सल लटकतो, व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचं ऑईल आवळतो आणि हवा आतच राहते.

आधी मागचे लायनर ड्रमला किंचित घासतील इतके अ‍ॅडजस्ट करा. ढिले असतील तर पेडल खोलच जाणार. निपलांवर (चाकामागचे हवा काढायचे स्क्रू) आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑईल सोडा (बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात निपल हमखास जाम होतात). मग गाडी सपाट जागी चारही चाकांवर, चाकांना दगड, हौद्यात पाच-सहा सिमेंटची पोती, इंजिन बंद. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर सील कापला जातो.

क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, व्हॉल्व्हवर निपल असेल तर ते, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पारदर्शक नळीचं एक टोक निपलावर बसवा, दुसरं बाटलीतल्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवा. गाडीत बसलेल्याने पेडल हळू दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा उघडून बंद करायचं, मगच "सोड" म्हणायचं. ब्रेक ऑईलची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. टाकीच्या झाकणावर डॉट 3 (ब्रेक ऑईलचा प्रकार) लिहिलं असेल तर तेच, सीलबंद डब्यातलं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा.