स्क्रीनवर रिंग, जमिनीत चर एकच: फायबर रूटिंगच्या या चुका टाळा

पाऊस लागायच्या आत हे लिहून टाकतो, एकदा मिरग लागला की फोन उचलायला पण फुरसत नसते.

आमची सगळ्यात महाग पडलेली चूक आधी. रत्नागिरीतून बाहेर पडायला इंटरनेटच्या दोन फायबर लाइन घेतल्या होत्या, एक चिपळूणवरून मुंबईला आणि एक आंबा घाटातून कोल्हापूरला. स्क्रीनवर दोन्ही हिरव्या, डायग्राममध्ये मस्त गोल रिंग, एक बाजू तुटली तर ट्रॅफिक दुसरीकडून फिरणार, आम्ही निवांत. आता रत्नागिरीचं शेंबडं पोर पण सांगेल की हातखंब्यापर्यंत दोन्हीचा रस्ता एकच, पण लाइन घेताना ते कोणाच्या डोक्यात आलंच नाही. हातखंब्याच्या अलीकडे जेसीबीने गटाराचा चर मारताना डक्ट, म्हणजे फायबरची नळी, उचलला आणि दोन्ही लाइन एका दमात गेल्या, रात्री साडेनऊला जॉइंट पूर्ण झाला तोवर लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

प्रोव्हायडर दोन असून उपयोग नाही, चर दोन पाहिजेत, पूल पण दोन पाहिजेत. लांब पडलं तरी पडू दे. आता आमची दुसरी लाइन पावसवरून राजापूर आणि पुढे अणुस्कुरा घाटाने वर जाते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ६० किमी वाढले तर एका बाजूने ०.३ मिलिसेकंद, गेम खेळणाऱ्या पोराला पण पत्ता लागणार नाही.

मार बसतो तो पॉवरला, म्हणजे प्रकाशाच्या जोराला. १५५० नॅनोमीटर वेव्हलेंथवर किलोमीटरला ०.२ डीबी घट धरा, ६० किमीचे १२ डीबी झाले, जॉइंटचे वेगळे. अ‍ॅम्प्लिफायरने लेव्हल वर येते पण सोबत नॉइज पण येतो, त्यामुळे जवळच्या रूटवर १६-क्यूएएम या दाट कोडिंगने २०० जी (गिगाबिट) चालणारं कार्ड लांबच्या रूटवर क्यूपीएसके या विरळ पण दणकट कोडिंगने १०० जीवर आणायची वेळ येऊ शकते, आणि हे कट झाल्यावर कळलं तर काय कपाळ. पावसाआधी एकदा पहाटे ३ वाजता मेन लाइन मुद्दाम बंद करून बघाच.

रिंग दोन्ही बाजूंनी भरायची ही पण जुनी खोड. १० जीची रिंग, दोन्हीकडे ७-७ जी, एक बाजू तुटली की १४ जी जाणार कुठून? पीक बघायचा तर गणपतीतला बघा, चाकरमानी घरी असतात तेव्हाचा. आणि जागा कमी पडली तर कोणाला थांबवायचं ते आधीच ठरवून ठेवा, आमच्याकडे हॉस्पिटल आणि बँक वर, व्हिडिओ तळाला.

डीडब्ल्यूडीएमवाल्यांनी, म्हणजे एकाच फायबरमधून प्रकाशाचे अनेक रंग पाठवणाऱ्यांनी, लॅम्बडा, म्हणजे ते रंग किंवा चॅनल, मनाला येईल तसे वाटू नयेत. मध्ये रंग बदलणारा कन्व्हर्टर नसेल तर सगळ्या टप्प्यांवर तोच चॅनल रिकामा लागतो. सावंतवाडी ते पनवेल सर्किट टाकायचंय, ४० पैकी निम्मे चॅनल प्रत्येक टप्प्यावर मोकळे, पण कणकवलीला मोकळे ते चिपळूणला भरलेले, झालं, जागा असून सर्किट बसत नाही. साधा उपाय, खालच्या नंबरापासून पहिला मोकळा मिळेल तो द्या आणि लांबची सर्किटं आधी बसवा.

शेवटचं, लिंक हलली की लगेच ट्रॅफिक दुसरीकडे फिरवू नका, आधी कनेक्टर पुसा, खारी हवा आहे आपली. मग ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड किती लांब ते दाखवणारं मशीन, १३१० आणि १५५० या दोन्ही वेव्हलेंथवर मारा. १५५० वर पायरी, म्हणजे अचानक घट, दिसते आणि १३१० वर जवळजवळ नाही, तर फायबर कुठेतरी वाकलीय, बहुतेक जॉइंटच्या डब्याच्या म्हणजे एन्क्लोजरच्या ट्रेमध्येच, तुटलेली नाही. आणि ओटीडीआर १२.४ किमी सांगतो म्हणून रस्त्यावर १२.४ ला जांभा फोडत बसू नका, तो फायबरची लांबी मोजतो आणि प्रत्येक जॉइंटला आपण गुंडाळी सोडलेली असते. आम्हाला असा १२.४ दाखवलेला एक फॉल्ट १२ च्या पण आत सापडला, एका फणसाच्या मुळाशी.