प्रस्तावना मागण्याआधी: लिहिणाऱ्या माणसांशी ओळख वाढवावी कशी

हस्तलिखित तयार झालं की नव्या लेखकाला प्रकाशकाइतकीच प्रस्तावनेची घाई होते. ज्यांच्याशी आयुष्यात कधी एक वाक्य बोलणं झालेलं नाही, त्यांचा नंबर तो कुठून तरी मिळवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर अडीचशे पानांची पीडीएफ टाकतो आणि खाली लिहितो, "सर, चार ओळी द्याल का?" उत्तर आलं नाही की पुण्यातले लेखक शिष्ट आहेत, असं म्हणून मोकळा होतो.

अडीचशे पानं नीट वाचायला आठ-दहा तास जातात. मग त्यावर लिहायचं आणि खाली स्वतःचं नाव घालायचं, म्हणजे उद्या पुस्तक कच्चं निघालं तर तेही अंगावर घ्यायचं. हे काम अनोळखी माणसासाठी कुणी का करावं? मी दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं लिहिते आहे. प्रस्तावना मागितल्या आहेत, लिहून दिल्या आहेत, नाकारल्याही आहेत. 'ओळखी वाढवा, कार्ड द्या, सगळ्यांना टॅग करा' या सल्ल्याने कुणाची प्रस्तावना आलेली मी पाहिली नाही.

माणसं निवडा. चार-पाच पुरेत. नाव मोठं आहे म्हणून नको, ज्यांचं लेखन तुम्ही एरवीही शोधून वाचता त्यांतूनच. निदान निम्मे तरी तुमच्या बरोबरीचे असू द्या. ज्येष्ठांच्या टेबलावर आधीच गठ्ठे असतात. ज्याचा पहिलाच संग्रह आलाय, त्याच्याकडे तुमच्यासारखेच प्रश्न असतात आणि बोलायला वेळही असतो.

त्यांचं पुस्तक विकत घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळेल. जुनं असेल तर पुणे मराठी ग्रंथालयात किंवा १८४८ पासून चालू असलेल्या पुणे नगर वाचन मंदिरात बघा. लेखकाकडे फुकट प्रत मागू नका. मराठी कथासंग्रहाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची असते, त्यातल्या मोजक्याच त्याच्या हाती येतात.

कार्यक्रमांना जा. टिळक रोडवर साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात किंवा पत्रकार भवनात सतत काही ना काही असतं. गर्दीच्या प्रकाशन समारंभापेक्षा ज्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात ती निवडा.

आता अभिप्राय लिहा. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हा. बहुतेकांची गाडी इथेच अडते आणि याबद्दल सल्ला मात्र कुणी देत नाही. वाचलेलं आवडलेलं असतं, पण कागद पुढ्यात घेतला की 'अप्रतिम', 'खूप भावलं', 'लेखणीला सलाम' यापलीकडे हात जात नाही. असे संदेश लेखकाला रोज येतात आणि त्यातला एकही त्याला आठवत नाही. माझी कसोटी अशी आहे: वरचं लेखकाचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घातलं, तरी पत्र तसंच्या तसं चालतंय का? चालत असेल तर ते फाडा.

दुसरा प्रकार पांडित्याचा. दोन पानं तत्त्वचर्चा, त्यात चार परदेशी लेखकांची नावं, आणि ज्याच्या कथेबद्दल लिहायचं त्या कथेवर शेवटी दोन ओळी. तिसरा प्रकार मला सगळ्यात खटकतो: "तुमची कथा वाचून माझीच कथा आठवली, सोबत जोडतो आहे." हे पत्र लिहूच नका. पहिल्या पत्रात तुमच्या लेखनाचा उल्लेखही नको, परिचय एका ओळीचा, आणि मागणी कसलीच नाही. 'कधीतरी मार्गदर्शन कराल ही अपेक्षा' हीसुद्धा मागणीच आहे.

मग लिहायचं काय? वाचताना तुम्ही जिथे खरोखर थांबलात, ती जागा. साधारण असं:

"सप्रेम नमस्कार. तुमच्या कथेतले काका दुकान बंद झाल्यावरही रोज सकाळी शटरच्या कुलपाला तेल घालायला जातात, त्या ओळीवर मी थांबले. दुकान विकलं गेल्याचं तुम्ही त्यानंतर दोन पानांनी सांगता. ते आधीच कळलं असतं तर मला काकांची नुसती कीव आली असती. आता मीही त्यांच्याबरोबर दुकान उघडायची वाट बघत राहिले. एक विचारायचं होतं: काकूंना हे ठाऊक असतं का? काका बाहेर पडतात तेव्हा त्या प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात असतात."

एवढंच. हे पत्र कथा न वाचता लिहिता येणार नाही. प्रश्न एका वाक्यात उत्तर देता येण्याजोगा आहे, आणि तो विचारणारीला खरंच पडलेला आहे. पडलेला नसताना प्रश्न बनवू नका, लिहिणाऱ्या माणसाला ते पहिल्या ओळीत कळतं. पुस्तक आवडलंच नसेल तर लिहू नका. खोट्या कौतुकावर उभी राहिलेली ओळख तुम्हालाच पुढे झेपत नाही, कारण दर पुस्तकाला पुन्हा खोटं बोलावं लागतं.

तपशिलाची चूक सापडली तर जरूर कळवा, पण खासगीत, पान क्रमांक देऊन आणि आधार जोडून. समजा, कथेत पानशेतचा पूर मध्यरात्री घरात शिरतो. धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटलं आणि पाणी शहरात दिवसाउजेडी आलं. हे सभागृहात हात वर करून सांगितलंत तर माणूस कायमचा दुखावतो. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातल्या बातमीची प्रत काढून, 'पुढच्या आवृत्तीसाठी उपयोगी पडेल' अशा दोन ओळींसह पाठवलीत, तर तोच माणूस आपणहून फोन करतो.

उत्तर आलं नाही तर 'पत्र मिळालं का?' असं विचारू नका. त्या व्यक्तीचं आणखी काही वाचाल, त्यात कुठे थांबाल, तेव्हाच पुढचं पत्र. मधल्या काळात सणावाराच्या शुभेच्छांची चित्रं पाठवून आठवण ठेवायला लावणं बंद करा. मी तर असे नंबर म्यूट करते.

उपयोगी पडा, हिशेब न ठेवता. दिवाळी अंकांची जुळवाजुळव एप्रिल-मेमध्येच सुरू होते आणि मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत लागतो. संपादकाने सुचवलेला विषय तुमचा नसेल तर ज्याचा आहे त्याचं नाव सुचवा, आणि सुचवल्याचं त्या माणसाला सांगत बसू नका. कुणी पेशवाईवर लिहीत असेल आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या त्रैमासिकात तुम्हाला एखादा कामाचा लेख दिसला, तर अंक आणि पान कळवा. ज्यांच्याकडून तुम्हाला कधीच काही नको आहे, त्यांच्याशीही असंच वागा. पुण्यातलं लिहिणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे. कोण कुणाशी कसं वागतं, हे सगळ्यांना कळतं.

मागणं. एवढं झाल्यावर ते अवघड राहत नाही, पण पद्धत सोडू नका. मे ते ऑगस्ट दिवाळी अंकांची धावपळ असते, तेव्हा विचारू नका. आधी फक्त विचारा, फाइल पाठवू नका. पुस्तक कशावर आहे, पानं किती, प्रकाशकाला मजकूर केव्हा हवा आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, प्रस्तावना की मलपृष्ठावरच्या चार ओळी, हे पाच-सहा वाक्यांत सांगा. निदान दोन महिने द्या. होकार आला की छापील प्रत नेऊन द्या, पडद्यावर अडीचशे पानं वाचायला लावू नका. तिसऱ्या माणसाकडून शब्द टाकायला लावणं तर मला मुळीच मान्य नाही. त्यात नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि नाइलाजाने लिहिलेली प्रस्तावना वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

नकार आला तर त्याच दिवशी आभाराचं उत्तर द्या आणि त्यांच्या पुढच्या पुस्तकाबद्दल आधीसारखंच लिहा. प्रस्तावना आली आणि तिच्यात तुमच्या लेखनातला एखादा दोष दाखवलेला असला, तर ते वाक्य काढायला सांगू नका. सनावळ्या आणि नावांचं शुद्धलेखन तेवढं तपासा, छपाईआधीचं मुद्रित (प्रूफ) एकदा त्यांच्या नजरेखालून घाला. पुस्तक हातात आलं की दोन प्रती घेऊन, आधी फोन करून, स्वतः जा.