व्हर्च्युअल बेस गिटार निवडताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारपासून अमळनेर, चोपडा, शिरपूरपर्यंत घरातल्याच एका खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि माइक मांडून गाणी करणारी पोरं आता जागोजागी आहेत. अहिराणी नाचाची गाणी, कानबाईची गाणी, हळदीची, आखाजीची. ढोलकी, संबळ, बँजो वाजवणारे ओळखीत निघतात. बेस गिटार वाजवणारा मात्र सहजी मिळत नाही. म्हणून बेस सॉफ्टवेअरमधून येतो, आणि चांगल्या चालीची माती बहुतेक वेळा तिथेच होते.

कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात भारी, हे विचारायची घाई नको. गाणं कुठल्या पट्टीत आहे, ते कशावर वाजणार आहे आणि आपल्या लॅपटॉपला काय झेपतं, हे तीन मुद्दे आधी पक्के केले की पैसेही वाचतात आणि बेसही ऐकू येतो.

पट्टी न बघता चार तारांचा बेस घेणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे ई, आपल्या भाषेत पांढरी तीन, 41.2 हर्ट्झ. त्याखाली त्या वाद्यात सूरच नाही. आता आपल्याकडचा गायक बघा. काळी एक किंवा पांढरी दोन या पट्ट्या तर नेहमीच्या. म्हणजे गाण्याचा षड्जच ई च्या खाली सरकला. खालची काळी एक 34.6 हर्ट्झला, पांढरी दोन 36.7 हर्ट्झला. चार तारांच्या मॉडेलवर ती पट्टी दाबली की दोनपैकी एक काहीतरी होतं. एकतर काहीच वाजत नाही, नाहीतर ती की तिथे कीस्विच (सूर न वाजवता वाजवण्याची पद्धत बदलणारी की) असते आणि बेस अचानक स्लॅपवर (तार आपटून वाजवणं) किंवा म्यूटवर (तार दाबून वाजवणं) जातो. मग 'प्लगइन (बेसचं सॉफ्टवेअर) बिघडलं' म्हणून ते काढून पुन्हा टाकलं जातं. बिघडलेलं काहीच नसतं.

यावर मार्ग तीन. पाच तारांचं मॉडेल असलेली लायब्ररी (बेसच्या आवाजांचा संच) घ्या. तिची खालची तार बी, 30.9 हर्ट्झ, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन दोन्ही मिळतात. किंवा खालची तार उतरवायची सोय आहे का ते बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये ई ची डी करता येते. तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो फुकट आहे: षड्ज एक सप्तक वर घ्या. पांढरी दोनचा वरचा सूर 73.4 हर्ट्झला येतो. तो ए तारेच्या पाचव्या पडद्यावर किंवा मोकळ्या डी तारेवर वाजतो, भरीव लागतो आणि साध्या स्पीकरवरही टिकतो. खालचा सूर मुखडा संपताना एखाद्या ठिकाणी ठेवा, तिथे तो खरोखर अंगावर येईल.

यातच एक उपप्रकार आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी गायक म्हणतो, 'भाऊ, अर्धा सूर खाली घे.' आपण पियानो रोलमधल्या (नोट्स दाखवणाऱ्या खिडकीतल्या) सगळ्या नोट्स निवडतो आणि एक घर खाली ओढतो. त्यात कीस्विचच्या नोट्सही ओढल्या जातात आणि बेस भलतंच वाजवायला लागतो. कीस्विच नेहमी बाजूला ठेवून मगच पट्टी बदला. जमत असेल तर त्यांचा वेगळा मिडी क्लिप (मिडी म्हणजे आवाज नव्हे, नोट्सची नोंद) करा.

सप्तकांच्या नावांचाही घोळ होतो. बेसची खालची ई म्हणजे मिडी क्रमांक 28. तीच नोट रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये ई1, क्युबेसमध्ये ई0 आणि एफएल स्टुडिओमध्ये ई2 म्हणून दिसते, कारण मधल्या सी ला (पांढरी एकला) तिघं वेगवेगळा आकडा देतात. मॅन्युअलमध्ये एक लिहिलंय आणि आपल्याकडे दुसरंच वाजतंय असं वाटलं, तर आधी हे तपासा.

हेडफोनवर ऐकून पसंत करणं

आपली गाणी दोन टोकांच्या जागी वाजतात. एक मोबाइलचा स्पीकर, दुसरं लग्नातला डीजे. मधलं फारसं कुठे नाही. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 41 काय, 100 हर्ट्झसुद्धा धड बाहेर पडत नाही. तरी काही गाण्यांचा बेस मोबाइलवर कळतो. कसा? कारण तारेतून एकटा मूळ सूर निघत नाही. ई छेडली की 41 सोबत 82, 124, 165 असे वरचे स्वरही निघतात, आणि ते कानावर पडले की खालचा सूर मेंदू आपोआप जुळवून घेतो. म्हणून ज्या बेसच्या आवाजात मधल्या पट्ट्याचा दाणा आहे, तोच मोबाइलवर जगतो.

निवडताना हे डोक्यात ठेवा. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 पासूनचा. त्याचा आवाज भरदार, मध्यावर ठाम. 1960 मधला जॅझ बेस दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडणारा भाग). मागचा पिकअप उघडला की गुरगुर मिळते. 1976 चा म्युझिक मॅन स्टिंगरे झणझणीत, ढोल-ताशांच्या गर्दीतूनही वर येतो. बहुतेक लायब्रऱ्या याच तीन वाद्यांच्या आसपास फिरतात, नावं काहीही असोत. डीजेवर नाचायच्या अहिराणी गाण्याला मी तरी जॅझचा मागचा पिकअप किंवा स्टिंगरे आधी लावून बघेन. कानबाईच्या किंवा संथ चालीच्या गाण्याला प्रिसिजन, बोटांनी वाजवलेला, टोन थोडा बंद.

डेमो ऐकताना तो मोबाइलवर लावा, मोबाइल खाटेवर ठेवून खोलीच्या दारात जा, आणि बेसची चाल गुणगुणता येते का बघा. नाही आली, तर हेडफोनवर कितीही गोड लागला तरी तो आपल्या कामाचा नाही. घेऊन झालेला असेल तर त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजात हलकासा फाटलेपणा आणणारा इफेक्ट) द्या. वरचे स्वर वाढतील आणि आवाज पुढे येईल. आपण नेमकं उलट करतो, इक्यूवर (इक्वलायझरवर) 50 हर्ट्झ वाढवत बसतो. मोबाइलवर फरक शून्य, आणि डीजेच्या 18 इंची स्पीकरवर तेच गाणं नुसतं घुमतं.

खोलीसुद्धा फसवते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीभिंतींमध्ये 56-57 हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दुप्पट फुगतो. त्यामुळे ए आणि ए शार्पच्या खालच्या नोट्स उगाच मोठ्या लागतात. एखादीच नोट ढणढण वाजते म्हणून लायब्ररीला दोष देण्याआधी खुर्ची दोन फूट मागे-पुढे करून ऐका. आवाज बदलला तर दोष खोलीचा. कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या तर खोलीचा वरचा कलकलाट कमी होतो, पण इतक्या खालच्या सुराला त्या पुरत नाहीत. म्हणून खालचा भाग हेडफोनवर पडताळून घ्या.

जीबी बघून विकत घेणं

स्पेक्ट्रासॉनिक्सचं ट्रिलियन सुमारे 34 जीबीचं. त्यात इलेक्ट्रिक, अकूस्टिक, सिंथ असे सगळे बेस आहेत आणि आवाज उत्तम आहे, यात वाद नाही. पण 8 जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर ते ओढताना जीव जातो. आयके मल्टिमीडियाचं मोडो बेस 2016 मध्ये आलं ते वेगळ्या वाटेने: तारेचं कंपन, बोटाची जागा, पिकअप हे सगळं गणिताने त्याच क्षणी घडवायचं. डिस्कवर ते कमी जागा घेतं, प्रोसेसरवर जास्त भार टाकतं. टूनट्रॅकचं ईझीबेस 2020 चं. त्यात तयार चालींचा साठा आहे, ज्याला बेस सुचतच नाही त्याला आधार होतो. पण त्या चालींचा वळसा बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉकचा. आपल्या सहाच्या ठेक्यावर त्या तशाच्या तशा चिकटवल्या की गाणं परकं लागतं, त्यामुळे तोडून-जोडून वापराव्या लागतात.

कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये उघडून चालणाऱ्या लायब्रऱ्यांबाबत एक धोका माहीत हवा. कॉन्टॅक्ट प्लेयर फुकट आहे, पण त्यात फक्त प्लेयरसाठी परवाना असलेल्या लायब्रऱ्याच पूर्ण चालतात. बाकीच्या 15 मिनिटं वाजतात आणि थांबतात. खरेदीच्या पानावर 'पूर्ण कॉन्टॅक्ट लागेल' असं लिहिलेलं असतं, ते वाचायचंच राहतं.

आणि पेनड्राइव्हवर फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाळा. व्हायरस येतो, अर्ध्या आर्टिक्युलेशन (वाजवण्याच्या पद्धती) वाजत नाहीत, प्रोजेक्ट सहा महिन्यांनी उघडत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचं वाद्य आहे हे तर आहेच. फुकटच हवं असेल तर अॅम्पल साउंडचं अॅम्पल बेस पी लाइट कायदेशीर फुकट आहे, आणि पहिल्या चार-पाच गाण्यांना ते पुरून उरतं.

कीबोर्डसारखा बेस वाजवणं

सॉफ्टवेअर कितीही महाग घ्या, बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातासारखा वाजवला तर तो कीबोर्डच वाटणार. बेस गिटारवर एका वेळी बहुधा एकच सूर वाजतो, पुढचा सूर लागताच मागचा थांबतो, आणि प्रत्येक सुराचा जोर वेगळा असतो.

सहाच्या ठेक्यातलं एक आवर्तन घेऊ, पट्टी पांढरी दोन. पहिल्या मात्रेवर डी, व्हेलॉसिटी (सुराचा जोर) 104, लांबी पावणेदोन मात्रा. तिसऱ्या मात्रेवर तोच सूर, पण भूत नोट (घोस्ट नोट, सुरापेक्षा नुसता ठोका) म्हणून, व्हेलॉसिटी 40 च्या आसपास आणि अगदी तोकडी. चौथ्या मात्रेवर खालचा ए, व्हेलॉसिटी 92. सहाव्या मात्रेवर सी शार्प, 70, पुढच्या डी ला जाऊन भिडणारा. आता पहिल्या आणि चौथ्या सुराच्या शेवटी थोडी शांतता सोडा. ढोलकीची थाप तिथेच ऐकू येते. हेच आवर्तन सगळ्या नोट्स 100 वर आणि पूर्ण लांबीच्या ठेवून वाजवून बघा. दोन्हींतला फरक कुणालाही कळतो.

व्हेलॉसिटी सरसकट 127 करू नका. काही लायब्रऱ्यांत 120 च्या वर गेलं की वेगळी आर्टिक्युलेशन सुरू होते, मग मध्येच स्लॅप किंवा स्लाइड का आला ते कळत नाही. एकच सूर सलग आला की तो मशीनगनसारखा लागत असेल, तर राउंड रॉबिन चालू आहे का ते बघा. तोच सूर किंचित वेगवेगळ्या नमुन्यांतून आळीपाळीने वाजवण्याची ती सोय आहे.

तार कोणती निवडली जाते याकडेही लक्ष द्या. वर सांगितलेला डी ए तारेच्या पाचव्या पडद्यावर जाड आणि गोल लागतो, मोकळ्या डी तारेवर उघडा आणि लखलखीत. सॉफ्टवेअर स्वतःच तार निवडत असेल तर एका ओळीत आवाज मध्येच बदलतो. हाताची जागा ठरवून देण्याची सोय बहुतेक चांगल्या लायब्रऱ्यांत असते. मुखड्यासाठी एक जागा ठरवा आणि ती सोडू नका.

ढोलकीशी भांडण

ढोलकीची धुम आणि बेस एकाच पट्ट्यात राहतात. धुम घसरत जाते, आपण बेसलाही स्लाइड देतो, आणि दोघांचा मिळून चिखल होतो. जिथे ढोलकी बोलते तिथे बेस सरळ ठेवा; स्लाइड द्यायचा तर ढोलकी थांबते त्या जागी. किक ड्रम असेल तर बेस ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, ज्या बाजूला आवाज जास्त भरलेला लागेल ती ठेवा. 30 हर्ट्झखालचं कापून टाका. बेस मोनोच ठेवा; लग्नातल्या डीजेच्या सबमध्ये (खालच्या सुरांच्या स्पीकरमध्ये) तो तसाही मोनोच होतो, आणि वर कोरस इफेक्ट लावून पसरवलेला असेल तर तिथे तो पोकळ पडतो.

हार्मोनियम प्रत्यक्ष रेकॉर्ड केली असेल तर तिचा ए 440 हर्ट्झला आहे का हे ट्यूनरवर बघा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढलेल्या असतात. पेटी बदलता येत नाही, बेस बदलता येतो. मास्टर ट्यून तेवढ्या सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकवा.

आवाज तडतडतो तेव्हा

बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला मिळणारी उसंत) बघा. 44.1 किलोहर्ट्झवर 128 चा बफर म्हणजे 2.9 मिलिसेकंद, 256 म्हणजे 5.8, 1024 म्हणजे 23. वाजवताना 128 किंवा 256, मिक्स करताना 1024. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाका. तरीही तडतडत असेल तर बेस ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो तात्पुरता तयार ऑडिओ होतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. डिसेंबरमध्ये नीट चाललेला प्रोजेक्ट उन्हाळ्यात अडखळतो तो यामुळे. रात्री किंवा पहाटे काम करा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा खेळू द्या.

बेस पक्का झाला की तीन फाइल्स वेगळ्या काढून ठेवा: मिडी, अॅम्पशिवायचा कोरा आवाज, आणि अॅम्पसकट तयार आवाज. मिक्स दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर कोरा आवाज त्याला हवाच असतो, आणि सॉफ्टवेअर बदललं तरी मिडी कामी येतो. विकतचं घ्यायची घाई नसेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस बहुतेक कंपन्या किमती बऱ्याच उतरवतात, तोवर फुकटच्या बेसवर हात बसवा.