‘ड्रॅक्युला’तील नात्यांची गल्लत : या चुका टाळा

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. मात्र बहुतेकांना तिची पात्रे आधी पडद्यावर भेटतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. १९३१च्या चित्रपटात रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाच्या मुलखात, म्हणजे ट्रान्सिल्वेनियाला, रेनफिल्ड जातो आणि मीना ही डॉक्टर सीवर्डची मुलगी असते. कादंबरीत मात्र तिथे जातो तो जोनाथन हार्कर, काउंटच्या लंडनमधील घरखरेदीची कागदपत्रे घेऊन. रेनफिल्ड हा सीवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण आहे आणि मीना ही जोनाथनची वाग्दत्त वधू, जी पुढे बुडापेस्टच्या इस्पितळात त्याच्या अंथरुणापाशीच त्याच्याशी लग्न करते.

सर्वांत रुजलेली चूक म्हणजे मीना आणि काउंट यांची प्रेमकथा. ती १९९२च्या चित्रपटाची देणगी आहे. पुस्तकातला काउंट तिला बळजबरीने स्वतःचे रक्त पाजतो, तेही तिने त्याच्या शत्रूंना साथ दिली म्हणून; त्या प्रसंगाला प्रणय म्हणणे मला तरी जमत नाही.

मीनाची मैत्रीण लूसी हिला एकाच दिवशी तिघे मागणी घालतात : सीवर्ड, टेक्सासचा क्विन्सी मॉरिस आणि आर्थर होमवुड. ती होकार देते आर्थरला. हाच आर्थर वडिलांच्या निधनानंतर लॉर्ड गोडाल्मिंग होतो, त्यामुळे कथेच्या मध्यावर कोणी नवा माणूस आला असे समजून पाने मागे उलटत बसू नये.

व्हॅन हेल्सिंगला निव्वळ पिशाच्चांचा शिकारी मानले, तर त्याचे सीवर्डशी असलेले गुरुशिष्याचे नाते नजरेतून निसटते. काउंट रक्त शोषत असलेल्या लूसीला वाचवण्यासाठी आर्थर, सीवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि मॉरिस अशा चौघांचे रक्त दिले जाते. आपले रक्त तिच्या अंगात गेल्यामुळे ती देवासमोर आपली पत्नीच झाली, असे आर्थर अंत्यविधीनंतर बोलून दाखवतो, तेव्हा उरलेले तिघे आपापल्या रक्ताबद्दल अवाक्षर काढत नाहीत. परतताना बग्गीत व्हॅन हेल्सिंग हसू लागतो, हसता हसता रडतो, आणि कोणी पाहून भलताच अर्थ काढू नये म्हणून सीवर्डला खिडक्यांचे पडदे ओढावे लागतात. हे सारे आपल्याला कळते ते सीवर्डच्या रोजनिशीतून; सगळी कादंबरीच अशी वेगवेगळ्या पात्रांच्या रोजनिश्या आणि पत्रांतून उलगडते, आणि म्हणूनच प्रत्येक नोंद वाचण्याआधी ती कोणाची आहे व कोणत्या तारखेची आहे हे पाहून घ्यावे, कारण लिहिणारा बदलला की त्याच माणसाकडे पाहण्याची नजरही बदलते.

काउंटचा शेवट व्हॅन हेल्सिंग छातीत खुंटी ठोकून करतो, हाही गैरसमजच. खुंटी मरणानंतर पिशाच्च झालेल्या लूसीसाठी वापरली जाते, तीही आर्थरच्या हातून. काउंटच्या गळ्यावर फिरते ती जोनाथनची कुकरी, काळजात घुसतो तो मॉरिसचा सुरा, आणि त्याच झटापटीत जखमी झालेला मॉरिस प्राण सोडतो. पुढे हार्कर दांपत्याला मुलगा होतो. त्याच्या लांबलचक नावात सगळ्या सोबत्यांची नावे गुंफलेली असली, तरी घरात त्याला हाक मारतात ती क्विन्सी म्हणूनच.